वॉचवरच्या माणसाचं ताट

शाळेच्या आवारातले तळलेले वडे, वेफरची पाकिटं आणि बाटलीतली थंड पेयं बंद करायचा ठराव ज्या सभेत व्हायचा होता, त्या सभेसाठी मी वडे मागवले. सोबत वेफर. आणि माणशी एक थंड पेयाची बाटली.

यात माझा काही हेतू नव्हता. मी रत्नागिरीतल्या एका शाळेत हेडक्लार्क आहे, आणि सभा म्हटली की वडे, हे माझ्या हातालाच ठाऊक आहे. डोक्याला विचारायची पाळी येत नाही. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पा, पावसला त्यांची हापूसची बाग आहे, ते दुसरा वडा चटणीत बुडवत म्हणत होते, "पाचवी-सहावीची पोरं दोन जिने चढली तर धापा टाकतात. हे काही बरं नव्हे." मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी वेफरकडे बघत होतो.

टेबलाच्या टोकाला एक उंच, सडसडीत गृहस्थ बसले होते. त्यांनी आपला वडा उचलला, विषयपत्रिकेच्या कागदावर ठेवला, वरून हलकेच दाबला. मग वडा बाजूला करून तो कागद उजेडाकडे धरला. तेलाच्या डागातून पलीकडची खिडकी दिसत होती.

"विषय क्रमांक एक," ते म्हणाले, "आरपार दिसतोय."

हे आमचे सुर्वेकाका, गावकऱ्यांतर्फे शाळेच्या समितीवर घेतलेले.

सुर्वेकाका माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहतात. सगळी आळी त्यांना 'बोटीवरचे सुर्वे' म्हणते. मालवाहू बोटींवर तेहेतीस वर्षं स्वयंपाकी होते, शेवटची बरीच वर्षं मुख्य स्वयंपाकी. निवृत्त होऊन जमिनीवर आले, पण पुरते उतरले नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक फळीला पुढून बोटभर उंच लाकडी कड मारलेली आहे, लाटेनं बोट कलंडली तर डबे घरंगळू नयेत म्हणून. जेवायच्या टेबलावर ते ओलं फडकं अंथरतात. त्यावर ताट सरकत नाही.

मी एकदा विचारलं होतं, "काका, घर हलतं का हो?"

"घर नाय हलत. सवयपण नाय हलत."

त्यांच्या दारावर एक पाटी असते. रोज सकाळी साडेसहाला तिच्यावर त्या दिवसाचं जेवण खडूनं लिहिलेलं असतं. 'दुपार : चवळीची उसळ, तांदळाची भाकरी, ताक. रात्र : पेज, भाजलेला पापड.' खाली सही. जेवणारा माणूस एक. काकी जाऊन पाच वर्षं झाली, मुलगी निमा लग्न होऊन नाशिकला. तरी पाटी चुकत नाही. आळीतल्या बायका दूध आणायला जाताना ती वाचतात आणि आपापल्या घरचा प्रश्न सोडवतात. माझी बायको विद्यासुद्धा. त्यामुळे एखाद्या दिवशी अख्ख्या आळीत चवळी शिजते.

मिरकरवाड्याला मासळीच्या लिलावात जाऊन, टोपल्यांचा पुकारा चाललेला असताना, एक बांगडा मागणारा रत्नागिरीतला हा एकमेव माणूस. तिथल्या बायका आधी हसायच्या. आता बाजूला काढून ठेवतात.

तर त्या सभेत आप्पांनी विचारलं, "वडे बंद करू म्हणता, पण मग पोरांनी खायचं काय?"

"मी घालतो," सुर्वेकाका म्हणाले.

बाकी कुणीच काही घालायला तयार नसल्यामुळे ठराव मंजूर झाला. बंद पडलेलं उपाहारगृह काकांच्या ताब्यात आणि मदतीला दोन बायका. अट आप्पांनी घातली : दिवाळीपर्यंत चालवून बघायचं. रोज ताटं उरायला लागली तर पोरांना आवडत नाही असं समजायचं, आणि वड्यांचा स्टॉल पुन्हा आत. आप्पांचा त्या स्टॉलवर जीव होता हे सगळ्यांना माहीत होतं.

निघताना काका माझ्या टेबलाशी थांबले. "पर्सर, उरलेले वडे तुमच्या ड्रॉवरमध्ये नका ठेवू. वास येतो."

पर्सर म्हणजे बोटीवरचा कारकून. त्या दिवसापासून शाळेत प्रत्येकाला हुद्दा मिळाला. मुख्याध्यापिकाबाई कॅप्टन, शिपाई क्वार्टरमास्टर, मैदान म्हणजे डेक आणि पोरं म्हणजे क्रू. बाईंना कॅप्टन हा हुद्दा मनातून आवडला असावा. त्या एरवी कुणाचं ऐकत नाहीत, काकांचं ऐकू लागल्या.

काकांनी स्वयंपाकघरात पहिला नियम लावला तो असा, की 'पौष्टिक' हा शब्द उच्चारायचा नाही. "पौष्टिक म्हटलं की क्रू पळते. जेवण आहे म्हणा." दुसरं म्हणजे रोजच्या जेवणाला त्यांनी बंदराचं नाव दिलं. पाटीवर लिहायचे, 'आजचं बंदर : पावस'. त्या दिवशी नाचणीची आंबील आणि फणसाच्या उकडलेल्या आठळ्या. कधी 'मिरकरवाडा', म्हणजे कुळथाची पिठी आणि भात. मासे शाळेत चालत नाहीत याचं काकांना फार वाईट वाटायचं, पण ते नाव तरी ठेवायचे. एकदा 'खेड' लिहिलं तर आठवीतला एक पोरगा भांडायला आला.

"काका, खेडला समुद्र कुठंय?"

"जगबुडी नदी आहे ना? होडी जाते ना तिच्यात?"

"जाते."

"मग बंदर. घे घावणे."

टेबलांवर ओली फडकी आली. पोरांना त्याची इतकी गंमत वाटली, की ती मुद्दाम टेबल तिरपं करून ताट सरकतंय का ते बघायची. बघता बघता जेवायचीही.

थंड पेयांचा प्रश्न अवघड होता. पोरांच्या जिभेला इतकं गोड लागायचं, की साध्या कोकम सरबताला ती तोंड वेंगाडायची. काकांनी पहिल्या आठवड्यात सरबत जवळजवळ बाटलीइतकंच गोड केलं. मी घाबरलो. म्हटलं, "काका, हे तर तेच झालं!"

"गप ऱ्हावा. एका दिवसात गोड काढलंत तर बोटीवर बंड होतं. दर सोमवारी पळीभर कमी."

दर सोमवारी पळीभर. दसऱ्यापर्यंत त्या सरबतात साखर नावाला उरली आणि पोरं तांब्या तांब्या प्यायला लागली. हे मी घरी कौतुकानं सांगितलं होतं, ती माझी चूक. पुढे एकदा एसटी स्टँडवर चहा घेतला तर वाटलं, चहावाल्याच्या हातून साखरेचा डबाच सांडला. घरी येऊन तक्रार केली, तेव्हा विद्या शांतपणे म्हणाली, "त्याचा चहा बरोबर आहे. तुमचा गेले तीन महिने कमी होतोय."

आता माझ्या मुख्य पराक्रमाकडे येतो. वड्यांचा किस्सा मी चारचौघांत सांगतो, हा सांगत नाही.

गणपतीच्या सुट्टीआधी खेळाच्या सरांनी सगळ्या मुलांची वजनं घेतली आणि कागद माझ्याकडे आणून दिले. फाइलला लावायचे एवढंच काम. पण मला नीटनेटकेपणाची खोड आहे. मी ती नावं टाइप केली, सर्वांत जास्त वजन सर्वांत वर अशा क्रमानं लावली, भोवती दुहेरी रेघेची चौकट काढली, 'पालकांनी लक्ष द्यावे' असं ठळक मथळ्यात घातलं, खाली सही केली आणि फलकावर चार टाचण्या मारून लावली. मला ती यादी फार सुबक वाटली होती.

यादीत पहिलं नाव मधुराचं होतं. सातवी ब. गोल चेहऱ्याची, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेली मुलगी. मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत पोरांनी तिला तीन नावं ठेवली होती. ती मी इथं लिहीत नाही.

सुर्वेकाका डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीसकट स्वयंपाकघरातून बाहेर आले. फलकासमोरची गर्दी आपोआप फाकली. त्यांनी चारही टाचण्या एकेक करून काढल्या, कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि माझ्या टेबलावर त्या टाचण्या ओळीनं ठेवल्या.

"पर्सर," ते म्हणाले, "बोटीवर वजन मालाचं लिहितात. माणसाचं नाय."

आणि गेले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मधुरा जेवायला यायची बंद झाली. मधल्या सुट्टीत ती ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या बाकावर पुस्तक उघडून बसायची. डबाही नाही. ग्रंथालयाचा तो कोपरा आणि स्वयंपाकघराची मागची खिडकी यांच्यामध्ये फक्त एक बोळ आहे. त्या खिडकीत दुसऱ्या दिवसापासून एक ताट दिसू लागलं. वर दुसरं ताट झाकण म्हणून पालथं, खाली ओल्या फडक्याची घडी.

मला आधी काही समजलं नाही. मी विचारलं, "हे कुणाचं?"

"वॉचवरच्या माणसाचं."

बोटीवर जेवणाची घंटा झाली तरी कुणीतरी पहाऱ्यावर असतोच, त्याला जागा सोडून येता येत नाही. त्याचं ताट स्वयंपाकी आधी काढून झाकून ठेवतो. मगच बाकीच्यांना वाढतो. हा नियम त्यांनी तेहेतीस वर्षांत कधी मोडला नाही, असं काकांनी सांगितलं. शाळेत पहाऱ्यावर कोण आहे, ते सांगितलं नाही.

शाळा सुटली की ते ताट तसंच असायचं. काका झाकण काढायचे आणि ओट्याशी उभं राहून स्वतः ते गार जेवण जेवायचे. मी दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा, मला विनोदाची हौस असल्यामुळे, म्हणालो, "वा काका! स्वतःची सोय बरी लावलीत."

"हां," ते म्हणाले. आणि चावत राहिले.

मग, माझ्या तोंडाकडे बघून असेल, त्यांनी चमचा खाली ठेवला.

"आमची निमा ह्याच शाळेत होती. मी नऊ-नऊ महिने बोटीवर. घरी यायचो तेव्हा बॅग भरून चॉकलेटं, डब्यातली पेयं, बिस्किटं. बापानं काय आणलं म्हणून पोर उड्या मारायची. मीपण खूश. दर खेपेला ती आधीपेक्षा जाड दिसायची आणि मी म्हणायचो, तब्येत सुधारली हो! सहावीत असताना एकदा आलो तर तिनं बॅगच उघडली नाय. तिची आई म्हणाली, पोरं चिडवतात तिला, ती डबा संडासात नेऊन खाते."

मी ओट्यावरचं पाणी पुसायला लागलो. ते आधीच पुसलेलं होतं.

"बोटीवर बावीस माणसं, पर्सर. कुणाला तिखट चालत नाय, कुणाला भात लागतोच, कुणाला वाढदिवसाला शिरा, सगळं पाठ मला. निमाला काय आवडतं ते मला आजपण ठाऊक नाय."

"फोनवर विचारा की. दर रविवारी करते ना ती?"

"विचारलं. म्हणाली, बाबा, मला काहीही चालतं."

ते पुन्हा जेवायला लागले.

दिवाळीच्या आधी सभा झाली. या वेळी मी घावणे आणि नारळाची चटणी ठेवली होती, हात बांधून ठेवल्यासारखा सावध होतो. पोरं जेवत होती, जिन्यावरच्या धापांबद्दल खेळाच्या सरांनी दोन बरे शब्द सांगितले, सगळं सुरळीत चाललं होतं. आप्पांनी घावणा दुमडला आणि म्हणाले, "पण सुर्वे, मला असं कळतंय, की रोज एक ताट उरतं. एकही दिवस सुटलेला नाही."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

"मग आपलं काय ठरलं होतं?"

"ताटं उरली तर स्टॉल आत."

"कुणाचं उरतं? कुठला पोरगा जेवत नाही?"

"वॉचवरच्या माणसाचं आहे ते."

"शाळेत कसला वॉच, सुर्वे? साधं विचारतोय, साधं सांगा."

काकांनी टेबलावरच्या फडक्याची सुरकुती काढली. एक नाव घेतलं असतं तर काम झालं असतं. पण ते नाव पुन्हा एकदा सभेच्या टेबलावर मांडलं गेलं असतं. "माझाच अंदाज चुकतोय," ते म्हणाले. "एकाचं जास्त शिजतं. तुम्ही ठरवा काय ते."

सभेत बोलायची माझी पद्धत नाही. मी इतिवृत्त लिहितो. पण पेन खाली ठेवलं गेलं आणि मी उभाही राहिलो होतो.

"आप्पा, ते ताट माझ्यामुळे उरतं."

मग मी यादीचं सांगितलं. नाव न घेता. चौकट, मथळा, सही, सगळं. बोलताना मला ती दुहेरी रेघ डोळ्यांसमोर दिसत होती. आप्पांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, मग सुर्वेकाकांकडे.

"त्या यादीत मी असतो तर, हो?"

"पहिले," सुर्वेकाका म्हणाले.

आधी आप्पाच हसले, म्हणून मग सगळे हसले. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत स्वयंपाकघर चालू ठेवायचं ठरलं. इतिवृत्तात मी माझं बोलणं एका ओळीत लिहिलं, आणि बाईंनी ती ओळ तशीच ठेवली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा होती. मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयात गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून आलो होतो. ते सगळं दारातच विसरलो.

"मधुरा, ती यादी... ती मी लावली होती. चुकलं माझं."

तिनं पुस्तकातून मान वर केली नाही. "माहितेय. खाली तुमची सही होती."

मी कपाटातली पुस्तकं सरळ करायला लागलो. दुसऱ्या फळीवर पोचलो तेव्हा तीच म्हणाली, "ते ताट काका रोज कुणासाठी ठेवतात?"

"वॉचवरच्या माणसासाठी."

"म्हणजे कोण?"

"सगळे जेवत असताना जो एकटाच बाहेर असतो, तो. त्याचं आधी काढून ठेवतात म्हणे. मग बाकीच्यांना वाढतात."

"आधी?"

"आधी."

तिनं पान उलटलं. मी बाहेर आलो.

शाळा सुटल्यावर स्वयंपाकघराशी गेलो, तेव्हा सुर्वेकाका पाटीसमोर उभे होते. खिडकीत ताट नव्हतं. ते घासून, काकांनी इथंही कड मारून घेतलेल्या फळीवर बाकीच्या ताटांच्या रांगेत उभं केलेलं होतं. रांगेत तेवढंच ओलं होतं. आणि जिला हात लावायची कुणाची छाती नव्हती त्या पाटीवर, काकांच्या सहीच्या खाली, लहान, गोल अक्षरांत लिहिलं होतं : 'मला घावणे आवडतात.'

काकांनी चष्मा काढला. टोपीच्या कडेनं पुसला. पुन्हा घातला, पुन्हा वाचलं.

"पर्सर," ते म्हणाले, "सोमवारचं बंदर बदला. खेड लिहा."

मी लिहिलं. त्यांच्या हातात खडू होता, तरी मला लिहायला सांगितलं.

ऑफिसचं काम उरकून घरी पोचायला मला अडीच वाजले. हातपाय धुऊन पाटावर बसलो आणि विद्याला सगळं सांगितलं. जरा रंगवूनच सांगितलं असेन. झाकलेल्या ताटाशी आलो तेव्हा आवाजही खाली आणला. "बघ ना," मी माझ्या ताटावरचं झाकण उचलत म्हणालो, "रोज एका माणसासाठी ताट झाकून ठेवायचं. ते खाल्लं जाईल की नाही, ठाऊक नसताना. काय माणूस आहे!"

विद्या माझ्या हातातल्या झाकणाकडे बघत होती.

"सव्वीस वर्षं," ती म्हणाली, "तुम्ही शाळेतून उशिरा येताय. हे झाकण आपोआप येऊन बसतं असं वाटलं का तुम्हाला?"

मी झाकण खाली ठेवलं.

"बरं, ते राहू दे," ती म्हणाली. "मला काय आवडतं, सांगा बघू."

मी विचार करू लागलो. पुरणपोळी मला आवडते. आंबोळ्या मुलाला. 'तुला काय, काहीही चालतं,' हे अगदी ओठांवर आलं होतं, ते कसंबसं गिळलं.

विद्यानं वाटीत आमटी वाढली.

"आठवलं की दारावर एक पाटी लावा आणि त्यावर लिहा. जेवा आता, गार झालंय."